नवी मुंबईची डेटा सेंटर आणि हरित वीज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे-बेलापूर रस्त्याने दिघ्याकडून तुर्भ्याकडे निघालात की डाव्या हाताला, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी, खिडक्या नसलेल्या उंच इमारती दिसतात. गच्चीवर चिलरची, म्हणजे इमारत थंड ठेवणाऱ्या यंत्रांची रांग, मागच्या अंगाला जनरेटरची धुरांडी, गेटवर कडक तपासणी. अशाच इमारतींची विजेची बाजू सांभाळण्यात माझ्या नोकरीची बरीच वर्षे गेली. राहतोही ऐरोलीतच. त्यामुळे सोसायटीच्या मीटिंगला, लोकलच्या डब्यात, पुतण्याच्या कॉलेजात तेच तेच प्रश्न माझ्याकडे येतात. त्यांची उत्तरे एकदा नीट लिहून काढली आहेत. जिथे आकडेमोड आहे तिथे ती तुम्हाला घरी कागदावर करून बघता येईल अशीच ठेवली आहे.

डेटा सेंटरला एवढी वीज लागते कशाला?

भाजीवाल्याकडे क्यूआर कोड स्कॅन करून तुम्ही चाळीस रुपये दिलेत, तेव्हा कुठल्या तरी इमारतीतल्या सर्व्हरने ते काम केले. असे हजारो सर्व्हर कपाटासारख्या रॅकमध्ये रचलेले असतात आणि चोवीस तास चालू असतात. सर्व्हरमध्ये गेलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणजे आधी सर्व्हर चालवायला वीज, आणि मग त्याची गरमी बाहेर काढायला पुन्हा वीज.

साध्या रॅकला पाच-दहा किलोवॅट पुरतात. एआयसाठीच्या नव्या रॅकना शंभर किलोवॅटच्याही वर लागतात. दीड टनाचे साठ-पासष्ट एसी एकाच कपाटात कोंबून एकदम चालू केले तर जेवढा लोड येईल, तेवढा एका रॅकचा. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातल्या डेटा सेंटरनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, म्हणजे जगाच्या वापराच्या दीड टक्का. २०३० पर्यंत हा आकडा दुपटीच्या वर, ९४५ अब्ज युनिटांपर्यंत जाईल असे त्याच संस्थेचे म्हणणे आहे.

सगळी डेटा सेंटर आपल्याकडेच का येतात?

समुद्राखालून येणाऱ्या इंटरनेटच्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात. बँका, शेअर बाजार, विमा कंपन्यांची मुख्य कार्यालये इथे आहेत. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये परिपत्रक काढून पेमेंटची सगळी माहिती भारतातच साठवणे बंधनकारक केले, तेव्हापासून मागणी आणखी वाढली. आणि जागा? १९६० च्या दशकात एमआयडीसीने वसवलेल्या या टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) पट्ट्यातले कितीतरी जुने कारखाने बंद पडले होते, त्यांचे भूखंड तयार होते. रस्ता होता, पाणी होते, आणि कळव्याचे ४०० केव्ही सबस्टेशन हाकेच्या अंतरावर होते. आता ही रांग पनवेलपर्यंत आणि दुसऱ्या बाजूला डोंबिवलीजवळच्या पलावापर्यंत पोहोचली आहे.

एका डेटा सेंटरला नेमकी किती वीज लागते?

मध्यम आकाराचे, २० मेगावॅटचा स्थिर लोड असलेले डेटा सेंटर धरू. २० गुणिले २४, म्हणजे दिवसाला ४८० मेगावॅट-तास. आपल्या बिलाच्या भाषेत ४ लाख ८० हजार युनिट, रोज. महिन्याला दोनशे युनिट वापरणारी ७२ हजार घरे तेवढ्यावर चालतात. देशाच्या ग्रिडमधल्या, म्हणजे विजेच्या सामाईक जाळ्यातल्या एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. नुसत्या ग्रिडवर चालणाऱ्या या एका इमारतीपोटी रोज ३३० टनांच्या वर झाला.

कारखान्याचा लोड रविवारी उतरतो, दिवाळीत बंद होतो. आमच्या कंट्रोल रूममधला लोडचा आलेख मात्र पट्टीने ओढल्यासारखा सरळ असतो. पहाटे तीनलाही तोच, दुपारी तीनलाही तोच. पुढचे निम्मे प्रश्न या सरळ रेषेतूनच येतात, म्हणून ती लक्षात ठेवा.

मग छतावर सोलर का लावत नाहीत?

लावतात. पण आकडा बघा. एक किलोवॅट सोलरला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते. डेटा सेंटरचे छत अगदी एक लाख चौरस फुटांचे असले आणि पूर्ण मोकळे असले, तरी त्यावर एक मेगावॅट बसेल. प्रत्यक्षात अर्ध्याअधिक छतावर चिलर, पाइप आणि टाक्या असतात. तरीही पूर्ण एक मेगावॅट धरा. किलोवॅटमागे दिवसाला चार युनिटप्रमाणे चार हजार युनिट होतात. २० मेगावॅटचे सेंटर तासाला वीस हजार युनिट घेते. म्हणजे छताची दिवसभराची सगळी कमाई बारा मिनिटांत संपते.

मी स्वतः असे छत सांभाळले आहे. डोंगराकडच्या खाणींची आणि रस्त्यावरच्या ट्रेलरची धूळ अशी बसते की मार्चनंतर पॅनेलवर बोटाने रेघ ओढली तर तेवढीच काळी काच दिसते. धुवायचे ते पहाटे सहाच्या आत, कारण तापलेल्या काचेवर गार पाणी पडले तर ती तडकते. क्षारांचे पाणी वापरले की पांढरे डाग पडतात आणि ते धुळीपेक्षा वाईट. आमच्याकडे दोन मुले खांद्यावर पाइप घेऊन ओळीने फिरायची, आणि त्या दिवशी दुपारी मीटरवर फरक स्पष्ट दिसायचा. मला त्या छताचा अभिमान होता, आजही आहे. महापेत तर एका डेटा सेंटरच्या उभ्या भिंतींवरही सौर काचा बसवल्या आहेत. हे सगळे करायलाच हवे, फक्त छताचा फोटो दाखवून ‘आमचे सेंटर सौरऊर्जेवर चालते’ असे कोणी म्हणाले तर ही बारा मिनिटे आठवा.

मग हरित वीज येते कुठून?

बाहेरून. वर्षाच्या हिशेबाने २० मेगावॅटच्या सेंटरला सुमारे १२० मेगावॅट सोलर लागेल. मेगावॅटला चार एकर धरले तर जवळपास पाचशे एकर. ऐरोलीत पाचशे एकर कुठून आणणार? सोलापूर, धाराशिव, धुळे, विदर्भ अशा उन्हाच्या आणि मोकळ्या जमिनीच्या भागात हे प्रकल्प उभे राहतात. पवनचक्क्या साताऱ्यातल्या वनकुसवड्याच्या पठारावर, सांगलीत, धुळ्याच्या ब्राह्मणवेलकडे आहेत. राज्याबाहेर राजस्थानातले भडला, कच्छमधले खावडा. राज्याबाहेरून आणायचा वहनखर्च ३० जून २०२५ पर्यंत सुरू झालेल्या सौर आणि पवन प्रकल्पांना माफ होता. त्यानंतरच्या प्रकल्पांना तो टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे, त्यामुळे राज्यातल्या प्रकल्पांकडे पुन्हा लक्ष वळले आहे.

सोलापूरची वीज खरेच महाप्यापर्यंत येते का?

तीच वीज, तेच इलेक्ट्रॉन, असे नाही. सोसायटीच्या टाकीचे उदाहरण घ्या. टाकीत महापालिकेचे पाणी पडते, उन्हाळ्यात टँकरचेही पडते. तुमच्या नळाला त्यातले कोणते आले हे कोणी सांगू शकत नाही. पण टाकीत कोणी किती ओतले आणि कोणी किती काढले याची नोंद ठेवता येते. ग्रिडचे तसेच आहे. सोलापूरच्या प्रकल्पाच्या मीटरवर पडलेले युनिट आणि महाप्याच्या मीटरवर गेलेले युनिट, दर पंधरा मिनिटांचे, जुळवले जातात. वाटेतली गळती वजा होते, वहनाचे शुल्क लागते.

ओपन ॲक्सेस, कॅप्टिव्ह, ग्रीन टॅरिफ... हे सगळे वेगळे आहे का?

वेगळे आहे, आणि कोणत्या वाटेने वीज घेतली यावरून कंपनी किती मनापासून करते आहे ते कळते.

सगळ्यात सोपी वाट ग्रीन टॅरिफची. वीज महावितरणचीच, फक्त युनिटमागे थोडे जादा भरायचे आणि शंभर टक्के हरित विजेचे प्रमाणपत्र घ्यायचे. राज्य वीज नियामक आयोगाने मार्च २०२१ मध्ये याला परवानगी दिली तेव्हा हा जादा दर युनिटमागे ६६ पैसे होता.

दुसरी वाट ओपन ॲक्सेसची. उत्पादकाशी थेट करार करायचा आणि महापारेषण-महावितरणच्या तारा भाड्याने वापरायच्या. पूर्वी यासाठी किमान एक मेगावॅटची अट होती. केंद्राच्या जून २०२२ च्या नियमांनी हरित विजेसाठी ती १०० किलोवॅटवर आणली, म्हणजे मोठे हॉस्पिटल किंवा मॉलही आता या वाटेने जाऊ शकतो. यात क्रॉस-सबसिडी अधिभार लागतो, म्हणजे मोठे ग्राहक बाहेर गेल्याने घरगुती ग्राहकांचा कमी होणारा आधार भरून काढणारा आकार, आणि तो लहान नसतो.

तिसरी कॅप्टिव्ह. प्रकल्पात किमान २६ टक्के भागीदारी तुमची आणि वर्षाच्या उत्पादनातली किमान ५१ टक्के वीज तुम्ही वापरायची. ही अट पाळली की क्रॉस-सबसिडी अधिभार नाही. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अतिरिक्त अधिभार हा दुसरा आकारही कॅप्टिव्ह ग्राहकांना लागू नाही असे स्पष्ट केले. अनेक कंपन्या मिळून असा प्रकल्प उभारतात, त्याला ग्रुप कॅप्टिव्ह म्हणतात. मोठ्या लोडला ही वाट परवडते, आणि माझ्या मते हीच सगळ्यात खरी, कारण कंपनीचे स्वतःचे पैसे गुंततात आणि एक नवा प्रकल्प जमिनीवर उभा राहतो.

उरली प्रमाणपत्रे. एक प्रमाणपत्र म्हणजे एक हजार युनिट हरित वीज कुठेतरी तयार झाली याची पावती. ती बाजारात विकत मिळते. जुन्याच प्रकल्पाची पावती विकत घेतली तर नवीन काहीच उभे राहिलेले नसते. फक्त पावत्यांवर हरित झालेल्या सेंटरला मी हरित म्हणत नाही.

‘आम्ही १०० टक्के हरित’ असे कंपन्या म्हणतात. ते खरे असते का?

वर्षाच्या हिशेबाने खरे असू शकते. घड्याळाच्या हिशेबाने बहुतेक वेळा नसते.

आपलेच २० मेगावॅटचे सेंटर आणि सोलापूरचे १२० मेगावॅट सोलर घ्या. दुपारी बाराला तिथे ८०-९० मेगावॅट तयार होते आहे. सेंटरला हवे २० च. उरलेली वीज ग्रिडमध्ये जाते. संध्याकाळी साडेसातला सोलापुरात अंधार, उत्पादन शून्य. सेंटरला तेव्हाही २० हवेच. ते ग्रिडमधून येतात, आणि त्या वेळी ग्रिडमध्ये कोळसा सगळ्यात जास्त जळत असतो, कारण त्याच वेळी घराघरात दिवे, टीव्ही, एसी सुरू झालेले असतात. वर्षाखेर दिलेले युनिट आणि घेतलेले युनिट बरोबर झाले की जमाखर्च शून्य. कंपनी खोटे बोललेली नसते. पण साडेसातला कोळसा जळला, तोही खरा.

जून २०२५ मध्ये देशाच्या एकूण वीज क्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा (सौर, पवन, पाणी, अणू) वाटा निम्म्यावर पोहोचला, आणि ही फार मोठी गोष्ट आहे. पण प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत जवळपास तीन चतुर्थांश अजूनही कोळशाची आहे. क्षमता आणि युनिट यांतला हा फरक संध्याकाळी सगळ्यात जास्त जाणवतो.

जगातही हाच वाद आहे. ॲमेझॉनने २०२३ मध्ये वर्षाच्या हिशेबाने १०० टक्के गाठल्याचे जाहीर केले. गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी २०३० साठी त्यापुढचे लक्ष्य ठेवले आहे : दर तासाचा हिशेब, दिवसाचे चोवीस तास. ते गाठणे फार अवघड आहे. तरीही मोजायचे तर तासानेच, असे माझे ठाम मत आहे. डेटा सेंटर रात्री बंद होत नाही, मग त्याचा हिशेबही रात्रीचा वगळून करता येणार नाही.

दुपारची जादा वीज ‘बँकेत’ ठेवता येते असे ऐकले आहे. मग प्रश्न सुटला की.

बँकिंग हा वह्यांमधला व्यवहार आहे. दुपारी तुम्ही ग्रिडला दिलेले युनिट तुमच्या नावावर जमा होतात आणि त्याच महिन्यात शुल्क देऊन परत घेता येतात. पण प्रत्यक्षात वीज कुठे साठवलेली नसते. रात्री तुम्हाला ‘परत’ मिळते ती त्या क्षणी कोणत्या तरी केंद्रात तयार झालेलीच असते. आता दुपारची वीज मुबलक होऊ लागली आहे, त्यात शेतीपंपांना दिवसा वीज देणाऱ्या सौर कृषी वाहिनी योजनेची भर पडते आहे. त्यामुळे दिवसाचे युनिट स्वस्त आणि संध्याकाळचे महाग अशी रचना दरांमध्ये पक्की होत चालली आहे. बँकिंगवर विसंबून आराखडा करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

मग रात्री खरी हरित वीज कशी आणायची?

एकाच्या जिवावर जमत नाही, मिसळ करावी लागते.

आपल्याकडे निसर्गाने एक चांगली सोय केली आहे. जून ते सप्टेंबर ढगांमुळे सोलर पडते, आणि नेमके तेव्हाच सह्याद्रीच्या पठारांवर वारा सुसाट असतो, दिवसाही आणि रात्रीही. महाराष्ट्रात पाच हजार मेगावॅटच्या वर पवनऊर्जा आहे. सोलर आणि पवन दोन्हींचा करार करणारे सेंटर पावसाळ्यात निभावून नेते. अवघड जातात ते ऑक्टोबर-नोव्हेंबरचे दिवस. वारा पडलेला, संध्याकाळ लवकर झालेली, आणि उकाडा मात्र कायम.

तिथे साठवण लागते. बॅटरीचे भाव गेल्या काही वर्षांत खूप उतरले आहेत, त्यामुळे सोलरसोबत दोन-चार तासांची बॅटरी आता परवडू लागली आहे. संध्याकाळच्या मागणीचा डोंगर तेवढ्यात पार होतो. पण पूर्ण रात्र, म्हणजे २० मेगावॅटला सुमारे १४ तास, २८० मेगावॅट-तास, नुसत्या बॅटरीवर काढणे अजून महागच.

आणि मग पाणी. हे सांगताना मला नेहमी आनंद होतो, कारण उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. शहापूर तालुक्यातल्या चोंढे गावी घाटघर प्रकल्पाचे खालचे धरण आहे. वीज मुबलक असते तेव्हा पाणी पंपाने घाटावरच्या वरच्या धरणात चढवायचे, मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. क्षमता २५० मेगावॅट. अशा प्रकल्पात साधारण चार युनिट खर्चून तीन परत मिळतात. एक युनिट जाते, पण दुपारचे स्वस्त ऊन रात्रीच्या कामी येते. मी तिथे गेलो होतो तेव्हा वर घाटावर धुके होते आणि खाली चोंढ्यात लख्ख ऊन. मधला तो उभा कडा म्हणजेच ती बॅटरी. टाटा पॉवरने भिवपुरीला १,००० आणि शिरवत्याला १,८०० मेगावॅटचे असेच प्रकल्प उभारण्यासाठी ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य सरकारशी करार केला आहे. खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज जात होती. गिरण्या गेल्या, सर्व्हर आले, आणि वीज पुन्हा त्याच घाटाकडे मागायची वेळ आली आहे.

चोवीस तास हरित वीज देण्याचे करार देशात होऊ लागले आहेत. सौरऊर्जा महामंडळ सेकीच्या ४०० मेगावॅटच्या पहिल्या अशा निविदेत २०२० मध्ये पहिल्या वर्षाचा दर युनिटला २ रुपये ९० पैसे निघाला होता. त्यातही वर्षभराच्या सरासरीची अट होती, प्रत्येक तासाची नाही. पण दिशा बरोबर होती.

इतके सगळे करून डिझेल जनरेटर कशाला लागतात?

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार, सकाळी दहाचा सुमार. कळवा-पडघा पट्ट्यातल्या ४०० केव्ही वाहिन्यांच्या बिघाडानंतर मुंबई, ठाणे, नवी मुंबईची लाइट एकदम गेली. लोकल जागेवर थांबल्या. मी त्या दिवशी पहिल्या पाळीला होतो. आधी कंट्रोल रूममधला एसीचा आवाज थांबला. ती शांतता मी कधी विसरणार नाही. सर्व्हर चालूच होते, यूपीएसच्या बॅटऱ्यांवर. त्या काही मिनिटेच पुरतात. दहा-बारा सेकंदांत मागून जनरेटरची घरघर सुरू झाली, एकामागून एक. त्यातला एक सुरू झाला, पण सिंक होईना, म्हणजे बाकीच्यांच्या तालात येईना. आमचा एक सहकारी धावत पॅनेलवर गेला आणि त्याने तो हाताने जोडला. तेवढ्या दोन-तीन मिनिटांत सर्व्हर हॉलच्या गरम बाजूचे तापमान चढताना पडद्यावर दिसत होते. चिलर परत सुरू झाले तेव्हा सगळ्यांनी श्वास सोडला. बाहेर मात्र धुराचा पट्टा पसरला होता, आणि पलीकडच्या वस्तीतल्या लोकांना तो दिवसभर गिळावा लागला. याचे मला वाईट वाटते.

जनरेटर लगेच जाणार नाहीत. पण कमी करता येतील. मोठी बॅटरी बसवली तर लहानसहान खंड तिच्यावरच निभावतात, आणि तीच बॅटरी रोज संध्याकाळी दोन तास हरित वीजही पुरवू शकते. चाचणीसाठी जनरेटर दर आठवड्याला उगाच तासभर चालवण्याऐवजी ठरावीक वेळी, थोडक्यात आणि शेजाऱ्यांना कळवून चालवणे तर आजही शक्य आहे.

यामुळे आमच्या घरचे बिल वाढेल का?

सरळ हो किंवा नाही म्हणता येत नाही. उद्योगांचा दर घरगुती ग्राहकांना काही प्रमाणात आधार देतो. मोठे ग्राहक ओपन ॲक्सेसने बाहेर गेले की तो आधार कमी होतो, अधिभार त्यासाठीच आहे. दुसरीकडे, डेटा सेंटरसाठी नवी सबस्टेशन, नव्या वाहिन्या उभ्या राहतात आणि त्यांचा खर्च शेवटी सर्व ग्राहकांच्या दरात मिसळू शकतो. तो कोणाकडून किती घ्यायचा हे वीज नियामक आयोग ठरवतो, आणि त्याआधी जनसुनावणी होते. तिथे कोणीही सामान्य ग्राहक लेखी सूचना किंवा हरकत देऊ शकतो. मोठ्या कंपन्यांचे वकील तिथे हजर असतात. आपल्या नोडमधली माणसे फार कमी जातात. जायला हवे.

आणि पाणी? आमच्याकडे उन्हाळ्यात कपात होते.

रास्त प्रश्न आहे. एक युनिट उष्णता पाण्याच्या वाफेने घालवायची तर साधारण दीड लिटर पाणी उडते. २० मेगावॅटचे सेंटर पूर्णपणे कूलिंग टॉवरवर असेल तर रोज सात लाख लिटरच्या आसपास. हवेने थंड होणारे चिलर लावले तर हे पाणी वाचते, पण वीज जास्त लागते. म्हणजे पाणी वाचवा की वीज, असा पेच.

उपाय नवी मुंबईत आहे. महापालिकेने कोपरखैरणे आणि ऐरोलीत सांडपाण्यावर तिसऱ्या टप्प्याची प्रक्रिया करणारी केंद्रे उभारली आहेत, ते पाणी टीटीसीतल्या उद्योगांना देण्यासाठीच. बारवी धरणाचे पिण्याजोगे पाणी सर्व्हर थंड करायला उडवणे मला पटत नाही. आपण अंघोळ करून सोडलेले पाणी शुद्ध होऊन तिथे जावे. तेही सोलर वाढवत नेण्याइतकेच महत्त्वाचे.

पीयूई म्हणजे काय?

इमारतीत आलेली एकूण वीज भागिले सर्व्हरपर्यंत पोहोचलेली वीज. एक आला तर काहीच वाया गेले नाही. जगाची सरासरी दीडच्या थोडी वर आहे, गूगलसारख्यांची १.१ च्या आसपास. थंड देशात खिडकी उघडली तरी काम होते. कोकणच्या दमट हवेत तसे होत नाही, पावसाळ्यात तर कूलिंग टॉवरही नीट काम करत नाही. तरी हॉलमध्ये २७ अंशांपर्यंत हवा चालते, तिथे अजूनही २० अंशांवर गारठून ठेवणारी सेंटर मी पाहिली आहेत. आत स्वेटर घालून काम करावे लागत असेल तर वीज उधळली जाते आहे. १.६ चा पीयूई १.४ वर आणला तर सोलापुरातली कितीतरी एकर जमीन वाचते.

डेटा सेंटर आपले काम उन्हाच्या वेळेला हलवू शकत नाही का?

काही काम हलते. एआय मॉडेलचे प्रशिक्षण, बॅकअप, व्हिडिओचे रूपांतर ही कामे दुपारी उरकता येतात. बँकेचा व्यवहार, हॉस्पिटलची नोंद, रात्री दोनला कोणी केलेला १०८ चा फोन थांबू शकत नाही. अडचण अशी की बरीच सेंटर जागा भाड्याने देतात. सर्व्हरवर काय चालले आहे हे मालकाला माहीतच नसते. हलवण्याचा अधिकार भाडेकरू कंपनीकडे असतो, आणि दुपारच्या विजेची सवलत त्याच्यापर्यंत पोहोचली तरच तो हलवेल.

अणुऊर्जा चालेल का?

तारापूर १९६९ पासून चालू आहे आणि तिथली वीज जवळपास कार्बनमुक्त आहे, चोवीस तास मिळणारी आहे. पण ती नवीकरणीय, म्हणजे ऊन-वाऱ्यासारखी पुन्हा पुन्हा मिळणारी नाही. ‘कार्बनमुक्त’ आणि ‘नवीकरणीय’ हे शब्द अहवालात वेगवेगळे वाचा.

बाहेर टाकलेली गरमी वापरता येत नाही का?

युरोपात तिने घरे गरम करतात. आपल्याकडे कोणाला हवी आहे? कापड धुलाई, मासळी वाळवणे अशा कामांसाठी विचार होऊ शकतो, पण हवा जेमतेम कोमट असते. सध्या यावर वेळ घालवू नये.

कंपनीचा दावा खरा की नुसती जाहिरात, हे कसे ओळखायचे?

आधी विचारा, हिशेब वर्षाचा की तासाचा. मग विचारा, वीज करारातून येते की प्रमाणपत्रांतून, आणि प्रकल्प नवा उभारला की जुनाच नावावर घेतला. प्रकल्प कुठल्या तालुक्यात आहे हे सांगता आले पाहिजे. साठवण किती तासांची आहे, गेल्या वर्षी डिझेल किती लिटर जळले, पाणी पिण्याचे की प्रक्रिया केलेले, हेही विचारा. ‘हरित’ हा शब्द पार्कच्या नावात असतो, इमारतीवर हिरवा रंग असतो. मी त्या नावाकडे बघत नाही, संध्याकाळी साडेसातचा आकडा मागतो. ज्यांनी खरोखर काम केले आहे ते तो आनंदाने दाखवतात.

माझ्या मुलाला या क्षेत्रात काम मिळेल का?

मिळेल. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन, वायरमन, रेफ्रिजरेशन मेकॅनिक, डिप्लोमा आणि डिग्रीचे इलेक्ट्रिकल इंजिनीअर, सगळे लागतात. रात्रपाळी असते, हे आधीच सांगतो. पण आता नुसता पॅनेल सांभाळणारा पुरत नाही. पंधरा मिनिटांचे मीटर रीडिंग वाचता येणारा, ओपन ॲक्सेसचे बिल तपासता येणारा, बॅटरीचे चार्जिंग उन्हाच्या वेळेशी जुळवणारा माणूस हवा असतो, आणि तसा शोधूनही मिळत नाही. त्याने घरच्यापासून सुरुवात करावी. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते. गच्चीवर ते बसवा, आणि वर्षभर रोज संध्याकाळी किती युनिट बनले आणि किती वापरले हे त्याला वहीत लिहायला सांगा. मुलाखतीला ती वही घेऊन आला तर मी प्रमाणपत्रांची फाइल बाजूला ठेवून आधी ती वही बघेन.